न्जुबेचे त्रेसष्ट फॉर्म

बुलावायोमध्ये त्या वर्षी शहरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोठा सर्व्हे झाला. त्यात मी चार महिने काम केलं. साठीच्या पुढची माणसं काय खातात, किती झोपतात, कुठे पडतात, औषधं कुठून आणतात, दिवसभरात कुणाशी बोलतात, हे सगळं घरोघरी जाऊन विचारायचं. दोनशे चौदा प्रश्न. शिवाय वजन घ्यायचं, प्रेशर बघायचं, मुठीचा जोर मोजायचा, चार मीटर चालायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून टिपायचं. एका माणसामागे दोन तास सहज जायचे.

मी शिक्षिकेचा कोर्स करून तीन वर्षं घरी बसले होते. नेमणूक काही येत नव्हती. त्यामुळे गळ्यातलं ओळखपत्र आणि ती निळी बॅग मिळाली तेव्हा मी रस्त्याने जरा मान वर करूनच चालायला लागले. आई शेजारणींना सांगायची, "आमची सिनिकिवे आता आरोग्य खात्याचं बघते." आरोग्य खात्याचं नव्हतं ते, पण मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

काम मला जमत होतं, हेही सांगायला हवं. म्हातारीला गोगो म्हणावं, म्हाताऱ्याला खुलू, बसा म्हटल्याशिवाय बसू नये, प्रश्न विचारताना घड्याळाकडे बघू नये. एवढं केलं की माणसं बोलायची. सुनेला सांगितलं नाही ते मला सांगायची. न्जुबे वस्तीतली त्रेसष्ट घरं माझ्या वाट्याला आली होती. कुठली घरं ते मुख्य कचेरीत चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. एक घर सोडून शेजारचं घ्यायचं नाही, हा पहिला नियम. आमचे वरिष्ठ मथेमासाहेब दर सोमवारी तो नियम पुन्हा सांगायचे.

बासष्ट घरं मी नीट केली. त्रेसष्टावं होतं गोगो मान्लेयांचं.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्या घरी नव्हत्या, बोअरवर पाण्याच्या रांगेत होत्या. दुसऱ्यांदा रविवारी गेले. त्या चर्चला निघाल्या होत्या, लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी घालून. पंच्याहत्तरीच्या, ठेंगण्या, दारातल्या पायरीवर एक पाय ठेवून दम खात उभ्या होत्या. मी दारातच टॅबवर फॉर्म उघडला, नाव, वय, घरात कोण कोण ते भरलं, त्यांची सही घेतली. घरात त्या एकट्याच. मुलगा जोहान्सबर्गला.

"बाकीचं बुधवारी विचार, पोरी," त्या म्हणाल्या. "दहा वाजता ये. मी कुठे जात नाही बुधवारी."

"नक्की येते, गोगो."

बुधवारी मी गेले नाही.

का गेले नाही याचं मोठं कारण सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आई आजारी होती, गाडी मिळाली नाही, असं काही. पण तसं काहीच नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन होतं, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि लोव्हनेसचं केसांचं दुकान वाटेत होतं. लोव्हनेस माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती दारातून ओरडली, "अगं, तुझं डोकं बघ काय झालंय! ये, आत्ता गिऱ्हाईक नाही, वेण्या घालून देते." मी पाच मिनिटं म्हणून बसले. तिने थंड पेय हातात दिलं. पंखा चालू होता, म्हणजे वीजही होती. दहा वाजले, साडेदहा झाले. शुक्रवारी काम संपवून द्यायचं होतं. मी बॅगेतून टॅब काढला.

बासष्ट माणसांना तेच प्रश्न विचारून झाले होते. म्हातारी काय सांगेल ते मला ठाऊकच आहे, असं मला खरंच वाटलं. दिवसातून किती वेळा जेवता? तीन. गेल्या वर्षभरात पडलात का? नाही. झोप लागते का? बहुतेक वेळा. एकटं वाटतं का? क्वचित. सगळंच चांगलं लिहिलं तर संशय येईल, म्हणून गुडघेदुखी घातली. प्रेशर एकशे अडतीस. दहा शब्द वाचून दाखवून परत म्हणायला सांगायचे असतात, त्यात सात आठवले असं लिहिलं. टॅब वेळ मोजतो हे मला माहीत होतं, म्हणून घाई केली नाही. लोव्हनेस एक वेणी संपवायची, मी दहा प्रश्न संपवायची. उत्तरं इतकी खरी वाटत होती की मला मनातून थोडं कौतुकच वाटलं स्वतःचं. तेवढं आठवलं की आजही मी जिथे असेन तिथून उठून दुसरीकडे जाते.

तीन आठवडे गेले. आम्ही पुढच्या वस्तीत काम करत होतो. एका सकाळी मथेमासाहेब म्हणाले, "सिनिकिवे, न्जुबेतली थोडी घरं तपासायचीत. मला गल्ल्या कळत नाहीत, तू गाडीत बस."

दहातलं एक घर ते स्वतः जाऊन तपासत. यादी त्यांच्या हातात होती. दोन घरं झाली. तिसरा नंबर त्यांनी वाचला, तो गोगो मान्लेयांचा होता. मी त्यांना उजवीकडे वळा म्हटलं, मग डावीकडे. दुसऱ्याच गल्लीत नेण्याचाही विचार आला. पण घरांवर नंबर रंगवलेले असतात.

"तू गाडीतच थांब," ते म्हणाले.

गोगो कुंपणाजवळच्या सावलीत ताटात पालेभाजी निवडत बसल्या होत्या. कुंपणापलीकडे त्यांची शेजारीण मामोयो कपडे वाळत घालत होती. गाडीची काच खाली होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"गोगो, एक मुलगी आली होती का तुमच्याकडे? तब्येतीचे प्रश्न विचारायला?"

गोगोंनी मान वर केली. साहेबांच्या खांद्यावरून त्यांनी गाडीकडे पाहिलं. मला पाहिलं. मी नजर खाली घातली.

"आली होती की," त्या म्हणाल्या.

"किती वेळ बसली?"

"बसली बराच वेळ. चहा गार झाला तिचा."

"तुम्हाला चालायला लावलं? वजन घेतलं?"

"जे करायचं ते सगळं केलं तिने. चांगली पोर आहे. किती वेळा विचारणार, बाबा? एकदा सांगून झालं ना!"

मथेमासाहेब हसत परत आले. "म्हातारी तुझं कौतुक करते," म्हणाले आणि यादीवर खूण केली. मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गाडी वळताना मी मागे बघितलं नाही.

त्या रात्री मला वाटत राहिलं की त्या बाईने मला वाचवलं. ओळख ना पाळख, आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून म्हातारी खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी सुटी घेतली. साखर, पाव आणि चहाची पुडी घेऊन मी न्जुबेला गेले. निळी बॅग का बरोबर घेतली कोण जाणे, सवयीनेच घेतली असेल. वाटेत पाठ केलं होतं काय बोलायचं ते. गोगो, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनी दार उघडलं आणि पिशवीकडे बघितलं. "हे काय?"

"तुमच्यासाठी, गोगो. काल तुम्ही माझ्यासाठी…"

"तुझ्यासाठी?" त्यांनी मला आत घेतलं आणि दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गं बोलले मी. कोण आहेस तू माझी?"

मी पिशवी पुढे केलेला हात मागे घेतला.

"त्या बुधवारी मी मामोयोची खुर्ची मागून आणली. माझ्याकडे एकच आहे, तिचा पाय मोडलाय. दिवसाचं जेवढं पाणी होतं त्यात आंघोळ केली, की ही पोर तपासणार, अंगाला वास यायला नको. साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, माझ्याकडे माणसं येणारेत म्हणून. माझा नंबर लागलाय! आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचा लागला नव्हता." त्या दम घ्यायला थांबल्या. "दहाचे बारा झाले. दोन वाजता मामोयो खुर्ची न्यायला आली. म्हणाली, काय गं, आले का तुझे पाहुणे? मी काय सांगू? म्हटलं, येऊन गेले, तू बाजारात होतीस तेव्हा. मुलगा सहा वर्षं आला नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात सरकारसुद्धा माझ्या दारावरून पुढे गेलं, हे कशाला कळायला हवं? मग काल तुझा साहेब आला तेव्हा ती कुंपणाशी कान लावून उभी. तिच्यासमोर मी काय नाही म्हणू?"

मी आभार मानायला गेले होते. पिशवी हातातच होती, ती मी जमिनीवर ठेवली.

"कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. "वेण्या घालून घेत होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. वेण्या अजून तशाच होत्या, नीट, बारीक.

"छान घातल्यात," म्हणाल्या. मग मोडक्या पायाच्या खुर्चीवर जपून बसल्या आणि मला पाण्याच्या पिंपावर बसायला सांगितलं. "आता आलीच आहेस तर विचार काय विचारायचं ते."

टॅबमध्ये त्यांचा फॉर्म बंद झाला होता. मी वहीत लिहायला लागले.

दिवसातून एकदा जेवत होत्या, संध्याकाळी. सित्श्वाला, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि अंगणातली भाजी. सकाळी चहा, तोही बहुतेक वेळा बिनसाखरेचा. वर्षात तीन वेळा पडल्या होत्या, एकदा मोरीत. तेव्हा दुपारपर्यंत तशाच पडून होत्या. हाक मारली नाही, कारण अंगावर कपडे नव्हते. झोप? आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून खुर्चीत बसूनच झोपतात. प्रेशरच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या पुरवायच्या म्हणून अर्ध्या करून घेत होत्या. त्या संपून दोन महिने झाले.

"गेल्या महिन्यात किती वेळा एकटं वाटलं?" मी विचारलं.

"तो बुधवार धरून सांगू की सोडून?"

मी मान वर केली नाही. वहीत ती जागा रिकामी ठेवली.

दहा शब्द वाचले. बादली, आगगाडी, मीठ, शेळी, चावी, पाऊस, टोपी, पूल, मध, सुई. त्यांनी डोळे मिटून नऊ परत म्हटले.

"पूल राहिला, गोगो."

"पूल कुणाला हवाय? आधी नदीला पाणी येऊ दे."

मी सात लिहिले होते. त्यांचं जेवण मी फुकटचं वाढवलं होतं आणि आठवण मात्र कमी केली होती.

शेवटी प्रेशर घेतलं. एकशे अठ्ठ्याण्णव. पट्टा काढून पुन्हा बांधला, पाच मिनिटं थांबले, पुन्हा तेच. पाय बघितले, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. आमच्या कामात नियम होता, एकशे ऐंशीच्या वर आकडा गेला की लाल चिठ्ठी द्यायची. ती चिठ्ठी दाखवली की दवाखान्यात रांग लागत नाही, त्याच दिवशी तपासतात आणि गोळ्या देतात. ती चिठ्ठी या बाईला तीन आठवड्यांपूर्वी मिळायला हवी होती. मी एकशे अडतीस लिहून पंख्याखाली बसले होते.

चिठ्ठीवर नंबर असतो आणि तो फॉर्मला जोडलेला असतो. ती फाडली की कचेरीत विचारणार, फॉर्मवर एकशे अडतीस आणि चिठ्ठी कशी? मला ते माहीत होतं. थोडा वेळ मी चिठ्ठ्यांचं पुस्तक नुसतं हातात धरून बसले, हेही सांगते. मग फाडली.

"आत्ता दवाखान्यात जायचं," मी म्हटलं.

"आत्ता? हे कपडे घालून?"

चर्चचा लाल ब्लाउज घालूनच त्या निघाल्या. मामोयोने कुंपणावरून विचारलं, "कुठे गं?" तर मान ताठ करून म्हणाल्या, "सर्व्हेवाल्यांनी बोलावलंय." मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी धरू दिला, पण तो गल्ली संपेपर्यंतच.

दवाखान्यात त्यांना तीन दिवस ठेवून घेतलं. हृदयावर ताण आलाय, अंगात पाणी साचलंय, अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, असं नर्स म्हणाली. ती मला शाबासकी देत होती, वेळेवर आणलंत म्हणून. मी तिथून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथेमासाहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि सांगितलं. त्यांना आधी पटेना.

"पण ती म्हातारी माझ्याशी बोलली. तू आली होतीस म्हणाली. तिचं डोकं ठिकाणावर नाही का?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. वय झालंय, विसरल्या असतील, एवढं पुरलं असतं. पण त्या नऊ शब्दांनंतर ते माझ्याने म्हणवेना. आणि मामोयोचं, खुर्चीचं तर सांगायचंच नव्हतं. ते त्यांनी दार लोटून मला सांगितलं होतं.

"मीच त्यांना तसं सांगायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

या सगळ्यात मी जे जे खोटं बोलले, त्यातलं एवढं एकच मला परत घ्यावंसं वाटत नाही. पण त्याची किंमत मला वाटली त्यापेक्षा जास्त होती. मथेमासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तू लोकांना पढवून ठेवतेस. मग बाकीच्या बासष्टांना पढवलं नाहीस हे मी कसं मानू?"

"ते सगळं खरं आहे, साहेब. शपथ."

"तुझी शपथ मी कुठल्या रकान्यात लिहू?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. माझे त्रेसष्टच्या त्रेसष्ट फॉर्म रद्द झाले. नवी मुलगी येऊन सगळ्यांना पहिल्यापासून विचारणार होती. मला काढून टाकलं, पण त्याआधी एक काम दिलं. "लोक दुसऱ्यांदा दार उघडणार नाहीत. तू ओळखीची आहेस. घरोघर जा आणि सांग."

पहिल्या चार घरी मी यंत्र बिघडलं असं सांगितलं. लोक हळहळले, चहा दिला. एक गोगो म्हणाली, "या यंत्रांचं काही खरं नाही बघ, माणूसच बरा." मी तो चहा प्यायले.

पाचवं घर खुलू मापोसांचं होतं. आगगाडीवर ड्रायव्हर होते ते, निवृत्त झालेले. बायको कशी गेली हे त्यांनी मला मुलाखतीत सांगितलं होतं. तिला उचलून पलंगावरून खुर्चीत बसवताना ती त्यांच्या हातातून सुटली. त्यानंतर ती पंधरा दिवस जगली. मुलांना त्यांनी पलंगावरून पडली असंच सांगितलं होतं. हे सांगताना ते माझा हात धरून रडले होते.

"पुन्हा सगळं सांगायचं?" ते म्हणाले. "तेसुद्धा?"

"हो, खुलू."

"का? आधी लिहिलंस त्याचं काय झालं?"

त्यांच्यासमोर मला ते यंत्राचं निमित्त पुढे करता येईना. मी सांगितलं. एका घरी गेलेच नाही, घरी न जाता लिहिलं, म्हणून सगळ्यांचं गेलं.

मग उठून त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. "मी ते एकदाच सांगणार होतो," ते म्हणाले. "तुला सांगितलं. आता होणार नाही."

त्यानंतर मी प्रत्येक घरी खरंच सांगितलं, आणि पहिल्या चार घरीही परत गेले. काही हसले. एक गोगो म्हणाली, "म्हणजे माझं मूतखड्याचं पुराण वाया गेलं म्हण की!" एकीने माझ्या देखत सुनेला सांगितलं, "हिला नीट बघून ठेव, पुन्हा आत घेऊ नकोस." एका म्हाताऱ्याने मला थांबवून विचारलं, त्या वेण्यांना किती वेळ लागला. चेष्टा नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, अडीच तास. त्याने मान हलवली. एका घरी सून दारात आली आणि म्हणाली, मामंजी गेल्या महिन्यात वारले.

गोगो मान्लेया घरी आल्या, गोळ्या सुरू झाल्या, आडव्या होऊन झोपायला लागल्या. नव्या मुलीने त्यांची मुलाखत घेतली. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पोरी, आता येत जाऊ नकोस. तू आलीस की मामोयो विचारते कोण ही, आणि मला दर वेळी काहीतरी नवीन सांगावं लागतं." मी बरं म्हटलं.

पुढच्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली. सर्व्हेचा अहवाल छापून आला तेव्हा मथेमासाहेबांनी एक प्रत माझ्या पत्त्यावर पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. मधल्या सुटीत, मुलं बाहेर असताना मी ती उघडली आणि न्जुबेचं पान काढलं. निवडलेली माणसं त्रेसष्ट. उत्तरं मिळाली बावन्न. मृत्यू एक. नकार दहा.

नकार त्या दहांतल्या एकानेही दिला नव्हता. दोन-दोन तास बसून त्यांनी सगळं सांगितलं होतं, मला.

घंटा झाली. मुलं आत यायला लागली, तेव्हा मी अहवाल टेबलाच्या खणात ठेवला आणि फळा पुसायला घेतला.